विलायतेत जाऊनही रोज पिठलेच का?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीतील परदेश सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात येऊ लागल्या की त्यांत एक ओळ हमखास असते : ‘सोबत आपले महाराज, रोज गरमागरम घरगुती जेवण’. गेल्या वर्षी या ओळीनेच निर्धास्त होऊन मी व माझी पत्नी पुण्यातील एका सहल कंपनीबरोबर अकरा दिवसांसाठी ब्रिटनला गेलो. कंपनीने दिलेला शब्द पाळला नाही अशी माझी तक्रार नाही. तो तिने फारच काटेकोरपणे पाळला, ही आहे. एडिंबरात पिठले-भात, यॉर्कमध्ये मटकीची उसळ, बाथमध्ये पावभाजी आणि लंडनमध्ये शेवटच्या रात्रीचा खास बेत म्हणून श्रीखंड-पुरी, असे आम्ही पंचेचाळीस जण अकरा दिवस यथास्थित जेवलो. महाराजांच्या हाताला चव होती, यात वाद नाही. मात्र त्या शेवटच्या रात्री श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन आमच्या गटाने ‘इंग्रजांना खाण्यातले काही कळत नाही’ असा जो एकमुखी ठराव केला, त्याला आधार म्हणून हॉटेलातील सकाळचा टोस्ट आणि न उकळलेला चहा यांपलीकडे कोणाच्याही गाठीशी फारसे काही नव्हते. ठरावाला मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. पुढे सहल संपवून आम्ही दोघे तीन आठवडे बर्मिंगहॅमला मुलीकडे राहिलो आणि तो ठराव मला मनातल्या मनात मागे घ्यावा लागला. म्हणून हे पत्र.

खरे तर तो ठराव होण्याआधीच त्याला पहिला तडा सहलीत गेला होता. लेक डिस्ट्रिक्टमधील ग्रासमियर या गावी कवी वर्ड्‌स्वर्थ यांची समाधी पाहण्यासाठी आमची बस थांबली. सेंट ऑस्वाल्ड चर्चच्या आवारात ती साधीशी कबर आहे आणि त्या आवाराच्या फाटकाला लागूनच एक चिमुकले घर आहे, जे एके काळी गावची शाळा होते. सेरा नेल्सन नावाच्या बाईंनी 1854 मध्ये तिथे आल्याची एक वडी करून विकायला सुरुवात केली आणि ‘ग्रासमियर जिंजरब्रेड’ या नावाने ती आजही त्याच घरात विकली जाते. समाधीपाशी उभे राहिलो तरी आले आणि तापलेले लोणी यांचा वास येत होता. आमचे सहल व्यवस्थापक घड्याळ दाखवीत होते, कारण तिथून तासाभराच्या अंतरावर आमची पोळी-भाजी निवत होती. पत्नी मात्र रांगेत शिरली आणि बारा मिनिटांत कागदात बांधलेला पुडा घेऊन बसमध्ये चढली. तो पुडा शेवटच्या बाकापर्यंत फिरला. वरून खडबडीत, रवाळ, दातांखाली आधी मोडणारी आणि मग चिवट होणारी ती वडी तोंडात विरघळताच मागून कोणीतरी म्हणाले, ‘अहो, हा तर आलेपाक!’ खरोखर आलेपाकच. फक्त कणीक आणि लोणी यांच्या संगतीत वाढलेला. त्या दिवशी बसमध्ये पहिल्यांदा कोणी हॉटेलच्या खोलीविषयी बोलले नाही.

पुणेकरांना तर या विषयात विशेष रस असायला हवा, कारण ज्या बिस्किटांचे पुडे आपण गावोगावच्या नातेवाइकांकडे पोचवतो, त्यांचे नावच मुळी एका इंग्रजी गावाचे आहे. श्रुजबरी हे श्रॉपशर परगण्यातील गाव बर्मिंगहॅमहून आगगाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. सेव्हर्न नदीने त्याला जवळजवळ पूर्ण वेढा घातलेला आहे, आणि चार्ल्स डार्विन यांचा जन्म 1809 मध्ये याच गावात झाला. गावात एक पाटी आहे, ती सांगते की पेलिन नावाच्या हलवायाने 1760 साली या जागी श्रुजबरी केक प्रथम केले. गंमत अशी की श्रुजबरी केकच्या पाककृती त्याच्या आधीच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या सापडतात आणि त्यांत गुलाबपाणी व जायफळ असते. तेव्हा ‘मूळ दुकान आमचेच’ हा दावा करण्याची हौस केवळ आपल्या पेठांपुरती मर्यादित नाही, हे पाहून बरे वाटले.

मुलीसाठी आम्ही कॅम्पातील कयानी बेकरीतून, म्हणजे 1955 पासून चालत आलेल्या त्या दुकानातून, श्रुजबरी बिस्किटे नेली होती. त्यांतली उरलेली सहा-सात एका डब्यात घालून आम्ही मुद्दाम श्रुजबरीला गेलो, तिथली बिस्किटे विकत घेतली आणि नदीकाठच्या क्वारी नावाच्या बागेत बाकावर बसून दोन्ही शेजारी शेजारी मांडली. आपले जाड, फिकट, बोटांचा जरा दाब पडताच भुगा होणारे आणि लोण्याशिवाय दुसरी कसलीही चव पुढे येऊ न देणारे. त्यांचे पातळ, कडक, कडेला तांबूस झालेले, लिंबाच्या किसलेल्या सालीचा वास असलेले आणि मध्ये मध्ये बारीक काळे मनुके पेरलेले. नाव एकच, पण दोघांचा चेहरामोहरा इतका वेगळा की गर्दीत एकमेकांना ओळख देणार नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध बाई बसल्या होत्या, त्यांना पत्नीने आपले बिस्किट दिले आणि त्याचे नाव सांगितले. त्यांनी ते खाल्ले, डब्यावरची अक्षरे पुन्हा एकदा निरखून वाचली आणि आणखी एक मागून घेतले. माझे मत विचाराल तर चवीत कॅम्प जिंकतो आणि वासात श्रुजबरी. पण असे मत देण्यासाठी दोन्ही खावी लागतात, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपण ज्याला अगदी घरचे समजतो अशा आणखी एका पदार्थाची जन्मकथा बर्मिंगहॅममध्येच आहे. लग्नकार्यात किंवा वाढदिवसाला आपण जे ‘फ्रूट सॅलड’ करतो, केळी, सफरचंद, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे आणि पिवळसर दाट दूध, त्या दुधातली कस्टर्ड पावडर 1837 मध्ये आल्फ्रेड बर्ड या तेथील औषधविक्रेत्याने तयार केली. खरे इंग्रजी कस्टर्ड अंड्याच्या बलकाने दाट होते. परंतु त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्याने मक्याच्या पिठावर काम भागवले. म्हणजे आपल्या सोवळ्या स्वयंपाकघरात हा पदार्थ शिरला तो एका इंग्रज नवऱ्याने बायकोच्या पथ्यासाठी केलेल्या खटाटोपामुळे. त्याच्या जुन्या कारखान्याच्या इमारती डिगबेथ भागात अजून उभ्या आहेत आणि ‘कस्टर्ड फॅक्टरी’ याच नावाने ओळखल्या जातात. मुलगी तिथे कामाला जवळच असते. तिला ही गोष्ट ठाऊक नव्हती, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

सर्वांत मोठा आनंद मात्र दुपारच्या चहाने दिला. स्कोन म्हणजे गोडसर, भुसभुशीत असा एक पाव. तो आडवा कापून त्यावर मुरांबा आणि क्लॉटेड क्रीम घालून खातात. हे क्रीम म्हणजे काय, हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येते : साय. दुधावरचा स्निग्ध भाग पसरट भांड्यात मंद आचेवर बराच वेळ तापवायचा, मग हात न लावता थंड होऊ द्यायचा, की वर पिवळसर, गुठळ्या असलेला जाड थर धरतो. कॉर्नवॉलच्या क्रीमला 1998 मध्ये भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले असून त्यात निदान 55 टक्के स्निग्धांश असावाच लागतो. आपल्याकडे साय विरजणात जाते, लोणी होते, तूप होते. तिथे ती त्याआधीच संपते. डेव्हन परगण्यातले लोक आधी क्रीम लावतात व त्यावर मुरांबा, कॉर्नवॉलचे लोक आधी मुरांबा व त्यावर क्रीम, आणि यावरून तिथे जे वाद चालतात ते आपल्याकडील पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर या वादाच्याच तोलाचे आहेत. पत्नीने दोन्ही मते ऐकून घेतली, क्रीम आणि मुरांबा बशीत एकत्र कालवले आणि ते स्कोनवर पसरले. लहानपणी शिळ्या पोळीवर साय आणि साखरांबा असाच कालवून मिळत असे, हे तिचे त्यावरचे स्पष्टीकरण. तिथे कोणी हरकत घेतली नाही.

कॉर्निश पेस्टीबद्दलही असेच. कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीत उतरणाऱ्या कामगारांची ही शिदोरी. हा पदार्थ प्रथम पाहिला तेव्हा मला तळहाताएवढी करंजीच दिसली, आणि तिच्या कडेची मुरड तर अशी सुबक, की आमच्या आईने पाहिली असती तर कोणाच्या हातची म्हणून विचारले असते. 2011 पासून या नावालाही संरक्षण आहे : ती कॉर्नवॉलमध्येच घडवलेली असली पाहिजे, आकार इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा असला पाहिजे आणि मुरड वर नव्हे, बाजूला हवी. मूळ सारणात गोमांस, बटाटा, स्वीड नावाचा सलगमासारखा कंद आणि कांदा असतो. म्हणजे ती आपल्यापैकी बहुतेकांच्या उपयोगाची नाही. पण त्याच दुकानांत चीज आणि कांद्याची, निव्वळ शाकाहारी पेस्टीही मिळते, आणि स्टेशनच्या फलाटावर उभ्याने ती खाताना वाफ आणि मिरपूड एकदमच नाकात जाते. खेड्यातल्या पबमध्ये मिळणारे ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे जाड पाव, चीजचा ठोकळा, कच्चा कांदा आणि आंबटगोड लोणचे, हे शब्दशः आपल्या शेतकऱ्याची न्याहारी म्हणता येईल असे आहे. अर्थात या नावाचा बोलबाला 1960 च्या दशकात तिथल्या दूधविक्री मंडळाने चीज खपावे म्हणून केला, हे कळल्यावर नांगर चालवणाऱ्याविषयी दाटून आलेला गहिवर थोडा ओसरला.

सगळेच आवडले असे नाही. यॉर्कला मोकळ्या मिळालेल्या अर्ध्या तासात आम्ही काचेच्या बरण्यांतून गोळ्या वजनावर विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. तिथे पाँटिफ्रॅक्ट केक या नावाने नाण्यासारख्या काळ्या, वर किल्ल्याचा छाप असलेल्या चकत्या होत्या. यॉर्कशर परगण्यातल्या पाँटिफ्रॅक्ट गावी पूर्वी ज्येष्ठमधाची शेती होत असे आणि डनहिल नावाच्या औषधविक्रेत्याने, योगायोगाने त्याच 1760 साली, त्याच्या अर्कात साखर घालून औषधाचा खाऊ केला. खोकला झाला की गालात धरायची ती कडसर-गोड काडी इंग्रज पोरे मजेने चघळतात, हे मला आजही पटलेले नाही. मी चकती रुमालात गुंडाळली. गिर्यारोहकांनी मात्र केंडल मिंट केक अवश्य आणावा. साखर आणि पुदिन्याचा अर्क एवढीच ज्याची मुख्य सामग्री, अशी ही पांढरी वडी 1953 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरी आणि तेनसिंग यांनी खाल्ली होती. सिंहगड चढताना चिक्कीऐवजी मी ती एकदा खाऊन पाहिली. दात शिवशिवतात, पण चाल सुधारते.

मग ‘तिथले जेवण बेचव’ ही कीर्ती आली कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे तिला इतिहासाचा आधार आहे, आणि तो शिधापत्रिकेचा आहे. जानेवारी 1940 मध्ये ब्रिटनमध्ये लोणी व साखरेचे नियंत्रण सुरू झाले आणि शिधावाटप पूर्णपणे उठले ते जुलै 1954 मध्ये. युद्धकाळात चीज म्हणून एकाच प्रकारचे सरकारी चेडर मिळत असे. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटवरील नियंत्रण फेब्रुवारी 1953 मध्ये उठले. चौदा वर्षे म्हणजे स्वयंपाक शिकणारी एक पिढी. दिवाळीच्या जादा साखरेसाठी रेशनच्या दुकानासमोर ज्यांनी रांगा लावल्या आहेत, त्यांना तरी हे समजावून सांगायला नको.

आता सहल कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. शाकाहारी प्रवाशांची, विशेषतः अंडेही न खाणाऱ्यांची, तिथे फसगत होऊ शकते, आणि महाराज बरोबर नेण्यामागे ती भीती असते. पण भीतीवर उपाय माहिती हा आहे. बटाट्याचे चिप्स निरुपद्रवी वाटतात, परंतु उत्तर इंग्लंडमध्ये, खास करून यॉर्कशरमध्ये, ते गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. तेव्हा ‘तेलात तळता का’ हे आधी विचारावे. वाफवलेल्या जुन्या पद्धतीच्या पुडिंगांत सूएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतालची चरबी असू शकते; रबरासारख्या गोळ्यांत जिलेटिन असते; वुस्टर सॉसमध्ये मासळी असते. मात्र पाकीटबंद वस्तूंवर अंडे, दूध, मासे असे चौदा घटक ठळक अक्षरांत छापण्याचे कायदेशीर बंधन तिथे आहे, आणि ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच करून बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही घटकांची यादी द्यावी लागते. चरबी आणि जिलेटिन या चौदांत येत नाहीत, म्हणून यादी पूर्ण वाचावी किंवा ‘शाकाहारींसाठी योग्य’ ही खूण पाहावी. ज्या देशात शाकाहारी मंडळ 1847 मध्येच स्थापन झाले आणि जिथे 1888 मध्ये शिकायला गेलेल्या गांधीजींना फॅरिंग्डन रस्त्यावर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तिथे आज उपाशी राहण्याची वेळ कोणावर येत नाही.

माझी पत्नी अंडे खात नाही. बेकवेल गावचे बदामाचे प्रसिद्ध पुडिंग मला एकट्यालाच संपवावे लागले आणि ती माझ्याकडे पाहत बसली, हे खरे. पण स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड तिने मनसोक्त खाल्ले : एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, की झाली तिथली नानकटाई. टॅब्लेट नावाची साखर, लोणी आणि आटीव दुधाची रवाळ वडी तर आपल्या खव्याच्या वडीशेजारी ठेवली तर कोणाला वेगळी काढता येणार नाही. ओट, लोणी आणि काकवीच्या गोऱ्या बहिणीसारखा दिसणारा गोल्डन सिरप यांचे फ्लॅपजॅक, भाजलेल्या सफरचंदावर पिठाचा चुरा आणि वरून बर्डसाहेबांचे बिनअंड्याचे कस्टर्ड, यांपैकी एकही पदार्थ आमच्या अकरा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून सहल कंपन्यांना माझी विनंती इतकीच आहे, की रात्रीचे वरण-भात त्यांनी खुशाल ठेवावे. दिवसभर चालून आलेल्या सत्तरीच्या माणसाला त्याची किती गरज असते, ते मी अनुभवले आहे, आणि दहाव्या दिवशी भातावर तूप पडताना माझेही डोळे पाणावले होते. पण दुपारचे जेवण मोकळे सोडावे, त्याचे पैसे दरातून वजा करावेत, त्या त्या गावात काय खाण्यासारखे आहे आणि त्यात काय घातलेले असते याचे एक पान मराठीत छापून प्रवाशांच्या हाती द्यावे, आणि पोळी-भाजीची वेळ गाठण्यासाठी बस पळवण्याऐवजी तोच अर्धा तास गावच्या बेकरीसमोर थांबवावा. ज्यांना नको असेल ते बसमध्ये चिवडा खात बसतील; त्यांच्या पिशवीत तो असतोच.

येत्या मे महिन्यात आमच्या इमारतीतील दोन कुटुंबे त्याच कंपनीबरोबर निघाली आहेत आणि कार्यक्रमपत्रिका गेल्या वर्षीचीच आहे. त्यांना मी ग्रासमियरच्या चर्चचे आवार, समाधी आणि फाटकालगतचे ते दुकान असा नकाशा कागदावर काढून दिला आहे. रांग बारा मिनिटांची असते, आणि समाधीचे दर्शन आधी न घेता नंतर घेतले तर बस चुकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे